लाइन चालू आहे

कुणाच्या घरी काही दुरुस्त करायला गेल्या की शालिनीताई जाधव सगळ्यात आधी त्या वस्तूची वायर भिंतीतून काढायच्या. वायर सुटी होणारी असली तर गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवायच्या, नसली तर प्लग मांडीवर घेऊन बसायच्या. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, काहीही असो. ‘बटण बंदच आहे की ताई,’ असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं : “बटण कुणीपण दाबू शकतं. प्लग माझ्याजवळ आहे तोपर्यंत बात माझ्या हातात आहे.”

ही सवय त्यांना नोकरीत लागली. त्या टेलिफोन खात्यात होत्या. त्यांच्या एक्स्चेंजमध्ये एक सहकारी पॅनेल उघडून काम करत असताना बाहेरच्या कुणीतरी ‘लाइट का गेली’ म्हणून स्विच वर केला. तो माणूस वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. शालिनीताई हे एखाद्या हवामानाच्या बातमीसारखं सांगायच्या आणि सांगता सांगता वायर पर्समध्ये टाकून चेन लावायच्या.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा इंदरगंजच्या मागच्या गल्लीत आमच्या समोरच्याच घरात त्या एकट्या राहत होत्या. त्यांचे पणजोबा फौजेत शिपाई म्हणून दक्षिणेतून आले आणि शहराच्या मुरार भागात स्थायिक झाले. भाऊ अजून तिथेच होता. शालिनीताईंनी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. त्यांच्या वर्गात दुसरी मुलगी नव्हती. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची गल्लीत कुणाची प्राज्ञा नव्हती. उंच, काटक, केस कानाच्या वर कापलेले, हिवाळ्यात अंगात पुरुषी कोट. त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला मजा वाटायची. ‘मला पत्ता नाही’, ‘उद्या येऊन जाते’, ‘पहिले चाय घेऊ’ असं त्या बोलायच्या, आणि मधेच अख्खं वाक्य हिंदीत जायचं. पुढे माझी मुलं तशीच बोलू लागली आणि मजा वाटायची बंद झाली.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, जिल्हा न्यायालयात वकील होते. गोरे, ठेंगणे, आवाज खणखणीत. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारचं पौरोहित्य होतं आणि अण्णांना वाटायचं की बोलण्याची देणगी तिथूनच आली आहे. जेवताना, फोनवर, भाजीवाल्याशी, सगळीकडे ते कोर्टात बोलावं तसंच बोलत. चांगलं बोलत, हेही खरं. इथल्या मराठी मंडळाचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते.

त्या मंडळाच्या सभेत ते घडलं. मी तेव्हा नवी सून होते आणि मागच्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी बसले होते. गणेशोत्सवात दरवर्षी माईक शिट्ट्या मारायचा, भाषणं अर्धी ऐकू यायची नाहीत. शालिनीताई उठून म्हणाल्या की यंदा ध्वनिव्यवस्था माझ्याकडे द्या, सामान कुठून आणायचं आणि कुठे काय लावायचं ते मी बघून घेते. अण्णांनी चष्मा काढला. ते चष्मा काढत तेव्हा काहीतरी झोकदार येणार हे लोकांना ठाऊक असे. ते म्हणाले, “जाधवबाई, तारा जोडायला माणसं बाजारात मिळतात. आपल्याला आरतीचं ताट धरायला बायका कमी पडतायत.”

सभा हसली. सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या. शालिनीताई हशा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग हिंदीत म्हणाल्या, “वकील साहब, आप बोलते बहुत अच्छा हैं,” आणि पर्स उचलून निघून गेल्या.

त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत आणि अण्णांशी बोलल्या नाहीत. गल्ली इतकी अरुंद की दोघांपैकी एकाला बाजूला व्हावंच लागे. शालिनीताई होत, पण मान वळवून. बाकी आमच्या घरावर त्यांचा राग नव्हता. अण्णा कोर्टात गेले की सासूबाई त्यांना हाक मारायच्या आणि त्या येऊन आमचा मिक्सर किंवा गीझर बघून जायच्या. संध्याकाळी अण्णा विचारायचे, मिक्सर कुणी केला. सासूबाई म्हणायच्या, माणूस आला होता. अण्णा पुढे विचारत नसत. त्यांना माहीत होतं, हे आम्हालाही माहीत होतं. अशी वर्षं गेली. मुलं कॉलेजात गेली, सासूबाई गुडघ्यांनी खाली बसेनाशा झाल्या.

मग अण्णांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यातले शब्द शाबूत आहेत, समजतं सगळं, फक्त जीभ आणि घसा हुकूम मानत नाहीत. अण्णा बोलायला जायचे आणि तोंडातून लांबट, ओला आवाज यायचा. नातेवाईक भेटायला यायचे आणि त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायचे, जणू ते बहिरे झाले आहेत.

तारलं ते घरातल्या जुन्या कॉम्प्युटरने. अण्णा पूर्वी आपले अर्ज स्वतः टाइप करायचे, जुन्या हिंदी टाइपरायटरच्या पद्धतीने. ती अक्षरं त्यांच्या बोटांत होती आणि त्या कॉम्प्युटरवर तीच पद्धत घातलेली होती. डाव्या हाताच्या एका बोटाने ते मोठ्या अक्षरांत लिहू लागले. ‘पाणी.’ ‘पंखा कमी.’ ‘हा मूर्ख किती वेळ बसणार.’ मोबाइलवर लिहून पाहिलं होतं, पण बोट थरथरायचं आणि भलतीच अक्षरं उमटायची. त्यांनी तो दोनदा भिरकावला.

एका दिवाळीत तो कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं तरी काहीच नाही, आवाज नाही, दिवा नाही. माझा नवरा सुहास बाजारात जाऊन आला. निम्मी दुकानं सणासाठी बंद, जो एक जण भेटला तो म्हणाला, इतना पुराना है, नया ले लीजिए, आणि तेही भाऊबीज झाल्यावर. सुहासच्या बँकेच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही घालता येत नव्हतं.

नेमकं त्याच वेळी अण्णांनी जेवण सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे. डाव्या हाताने तोंडाकडे बोट दाखवायचे. डॉक्टरांनी आम्हाला गिळण्याच्या त्रासाची भीती घातलेली होती, म्हणून आम्ही खिमट आणखी पातळ केलं. ते आणखी चिडले. घसा दुखतो का, विचारलं, मान हलवली, नाही. मीठ कमी आहे का? नाही. मळमळतं का? नाही. पाटीवर लिहायला दिलं तर डाव्या हाताच्या रेघोट्या कुणालाच लागेनात. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि कशालाच उत्तर देईनात. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन रडू लागल्या. त्यांच्या मते अण्णांना आता जगायचं नव्हतं. सुहास नळीने अन्न देण्याबद्दल डॉक्टरांशी फोनवर बोलला. डॉक्टर म्हणाले, उद्या आणा, बघू.

मी पायऱ्या उतरून समोर गेले. शालिनीताई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मी काय काय झालं असावं ते सांगायला लागले तर त्यांनी मला अडवलं. “काय वाटतं ते नंतर. पहिले काय झालं ते सांग.” मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “वकीलसाहेबांना विचारलं का, मी आले तर चालेल?”

मी म्हटलं, विचारलं.

“काय म्हणाले?”

“डोळे मिटून घेतले.”

“म्हणजे हो नव्हे,” त्या म्हणाल्या. पण पर्स आणि दुरुस्तीची थैली घेऊन माझ्याबरोबर निघाल्या.

अण्णांच्या खोलीच्या दारात त्या थांबल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “वकीलसाहेब, आत येऊ का?” अण्णांनी डोळे उघडले. सासूबाई मागून म्हणाल्या, अहो या ना, त्यांचं काय विचारता. शालिनीताई हलल्या नाहीत. अण्णा छताकडे बघत होते. माझ्या मागे सुहास अस्वस्थ होऊन घड्याळाशी चाळा करत होता. शेवटी अण्णांनी मान किंचित खाली केली. मग त्या आत आल्या.

सुहास कॉम्प्युटरचं सांगू लागला तेव्हा त्यांनी विचारलं, “हे रोज कोण वापरतं? मग मी त्यांनाच विचारते.” त्यांनी खुर्ची अण्णांच्या समोर घेतली. मशीन एकदम बंद पडलं की आधीपासून त्रास देत होतं? बटण कधी लागायचं, कधी नाही, असं होत होतं का? अण्णांनी मान डोलावली. चालू असताना मधेच बंद पडलं का? नाही. आतून काही खुडखुड यायची का? अण्णांनी जोरात मान डोलावली आणि डावा हात टेबलाखाली दाखवला. वकिलाने साक्ष घ्यावी तशी ती साक्ष झाली. आम्ही इतक्या दिवसांत त्यांना दुखण्याखुपण्यापलीकडे काही विचारलंच नव्हतं.

शालिनीताईंनी वायर काढली, गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. मग लगेच झाकण उघडलं नाही. “थोडं थांबू. आत राहिलेली वीज उतरू दे.” मी चहा ठेवला. त्या खोलीत शालिनीताई आणि अण्णा एकमेकांसमोर बसून होते. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला बोलायचं नव्हतं. चहा झाला, त्यांनी अंगातली वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि झाकण काढलं.

आत धूळ होती आणि तळाशी कागदाचा बारीक चुरा. मागची एक पट्टी कधीच निघून पडली होती, तिथून उंदीर आत शिरला होता. पुढच्या बटणापासून आत जाणाऱ्या दोन बारीक तारा त्याने कुरतडल्या होत्या, एक पूर्ण तुटली होती, दुसरी केसाएवढ्या धाग्यावर लोंबत होती. बाकी सगळं धड होतं. खात्री करायला त्यांनी पर्समधली वायर काढून लावली, आम्हाला मागे सरकायला सांगितलं आणि त्या तारा आत जिथे लागतात तिथल्या दोन बारीक पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरू लागला. सुहास म्हणाला, झालं की, आता असंच चालू करत जाऊ.

“तू रोज पेचकस घेऊन सकाळी इथे येणार आहेस का?” असं म्हणून त्यांनी मशीन बंद केलं आणि वायर परत पर्समध्ये टाकली.

मग त्यांनी काम केलं, तेही घाई न करता. कुरतडलेली टोकं कापून साफ केली. वरचं रंगीत वेष्टण थोडं सोललं. एक तार जिथे जोडायची त्याच्या जरा पुढे दुसरी जोडायची, म्हणजे दोन जोड शेजारी येऊन एकमेकांना टेकत नाहीत, असं मला दाखवलं. गरम केल्यावर आकसणाऱ्या नळीचे छोटे तुकडे आधीच तारांत ओवले. “ही पहिले घालायची. जोडून झाल्यावर आठवतं सगळ्यांना.” आतल्या तांब्याचे धागे पीळ देऊन एकत्र केले, सोल्डरचा थेंब घातला, तो थंड होईपर्यंत हात हलवला नाही. मग नळी जोडावर सरकवून मेणबत्तीने दुरून शेकली. तारा काळ्या आणि लाल होत्या, नळी पिवळीधमक. सुहासने विचारलं, काळी नव्हती का, दिसली नसती. त्या म्हणाल्या, “दिसलीच पाहिजे. लपवलेला जोड पुढच्या माणसाला फसवतो.”

बटण दाबायला त्यांनी अण्णांना सांगितलं. आम्ही चाकाची खुर्ची पुढे घेतली. अण्णांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबलं, पंखा घुमला, पडदा उजळला. त्यांनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि लिहिलं : ‘खालची दाढ. फार दुखते.’

क्षणभर आम्हाला काही कळलंच नाही. अण्णांना वरची कवळी होती आणि ती आम्ही रोज धुवायचो. खाली त्यांचे स्वतःचे काही दात अजून उरले आहेत, हे घरातले सगळे विसरून गेलो होतो. सासूबाई पुन्हा रडू लागल्या, यावेळी हसत हसत. सुहास फूलबागेजवळच्या दंतवैद्याचा नंबर शोधायला लागला.

शालिनीताई सामान थैलीत भरत होत्या. अण्णांनी टेबलावर हात आपटला. त्या थांबल्या. अण्णा लिहू लागले. एका बोटाने, अक्षर शोधत, चुकलं की पुसत. ‘गणपतीच्या सभेत’ इतकं उमटलं तेव्हा सुहास खांद्यावरून वाकून म्हणाला, “काय अण्णा, मंडळाची वर्गणी राहिलीय का? ती मी—”

“सुहास, थांब,” शालिनीताई म्हणाल्या. “लाइन चालू आहे.”

तो मागे सरकला. बाहेर कुणी पोरं फटाके उडवत होती. अण्णांनी लिहिलं : ‘गणपतीच्या सभेत मी तुम्हाला बोललो. लोक हसले. मला ते आवडले. ते चूक होते.’ शेवटचा पूर्णविराम देऊन त्यांनी हात मांडीवर ठेवला.

शालिनीताईंनी चष्मा लावून ते वाचलं. “तुम्हाला आवडलं ते मला तेव्हाच दिसलं होतं,” त्या म्हणाल्या. “राग त्याचाच होता. बाकी तसं तर लोक बोलतच असतात.” मग थैली खांद्याला लावली. “दाताचं पहिले बघा. मी उद्या येऊन जाते.”

त्या खरंच दुसऱ्या दिवशी आल्या, आणि पुढे संध्याकाळी येतच राहिल्या. अण्णांची सेवा करायला वगैरे नाही, भांडायला. नगरपालिका, क्रिकेट, तिळाची गजक मुरारची चांगली की लष्कर भागातली, कशावरही. त्या बोलत, अण्णा लिहीत. आम्हा बाकीच्यांना एक खोड लागली होती. अण्णांनी दोन शब्द लिहिले की तिसरा आम्ही म्हणून टाकायचो. वेळ वाचवायला, आणि थोडं कौतुकानेही. बहुतेकदा आमचा शब्द चुकीचा असे, पण अण्णा कंटाळून मान डोलावत. शालिनीताईंनी असं कधी केलं नाही. उत्तर माहीत असलं तरी त्या पूर्णविरामाची वाट बघत. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही. त्या म्हणाल्या, “येतो ना. पण दुसऱ्याच्या लाइनमध्ये घुसायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.”

पुढच्या गणेशोत्सवाच्या आधी अण्णांनी मंडळाच्या नव्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की ध्वनिव्यवस्था जाधवबाईंकडे द्यावी. अध्यक्ष ते घेऊन नारळासकट त्यांच्या घरी गेले. शालिनीताईंनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. अण्णांना फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी लिहून कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “तेव्हा पाहिजे होतं, वकीलसाहेब. आता नको.” त्यात राग नव्हता. अण्णांनी लिहिलं, ‘बरोबर,’ आणि विषय संपला.

अण्णा दोन हिवाळे काढून तिसऱ्यात न्यूमोनियाने गेले. शालिनीताई कोट घालून आल्या, त्यांच्या उशाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. कुणीतरी म्हणत होतं की सुटले बिचारे. त्यांनी मान वळवली. दिवसकार्य होईपर्यंत रोज येऊन त्या सासूबाईंजवळ बसायच्या. सासूबाई तेच तेच प्रसंग सांगायच्या आणि शालिनीताई प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकायच्या.

पुढच्या वर्षी शालिनीताईंना घराचा जिना चढवेना. पुण्याला त्यांची भाची असते, ती येऊन घेऊन गेली. स्टेशनवर सुहास आणि मी गेलो होतो. त्यांनी दुरुस्तीची थैली भाचीच्या हातात दिली नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवली. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वगैरे केला नाही, फक्त कोटाची कॉलर नीट केली.

महिन्याभराने मी फोन केला. कसं काय वाटतं पुण्यात, विचारलं. त्या म्हणाल्या, घर चांगलं आहे, लिफ्ट आहे, भाची जीव लावते. एकच अजब आहे, त्या म्हणाल्या. सगळ्या सोसायटीत मराठी लोक, पण मी मराठीत काही विचारलं की जवाब हिंदीत देतात. मी विचारलं, मग तुम्ही काय करता?

“त्यांना पूर्ण बोलू देते,” त्या म्हणाल्या. “मग मराठीत बोलते.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पलीकडे शांतता झाली. पूर्वी मी अशा वेळी काहीतरी बोलून मोकळी झाले असते, हवापाणी, सासूबाईंचे गुडघे, मुलांच्या परीक्षा. मी फोन कानाला धरून थांबले. खाली गल्लीत कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती.

“इथे सगळे माझ्याशी नीट वागतात,” शालिनीताई शेवटी म्हणाल्या. “भांडावं असं कोणी नाही.”